धूर दिसला म्हणून

ड्रॅग रेस संपवून परत येताना खिडकीतल्या पोरीनं निकालाची स्लिप हातात दिली, त्यावर विजेता म्हणून डावी लेन छापलेली होती, आणि नेमका त्याच वेळी खांबावरचा स्पीकर बोलला की डावी लेन डिसक्वालिफाय, एक्सेसिव्ह ब्रेकिंग, म्हणजे ब्रेक जास्तच मारला, उजवी लेन पुढच्या राउंडला. उजव्या लेनमध्ये मी होतो. म्हणजे हातातला कागद सांगतोय तू हरलास, स्पीकर सांगतोय तू जिंकलास, आणि मागे गाड्या उभ्या त्यामुळे तिथं थांबून विचार करायलाही जागा नाही. मुकाट्यानं गाडी पुढे काढली.

ही गोष्ट मागच्या जूनमधली. लिहू की नको करत बसलो कारण एक तर फायदा माझाच झाला होता, आणि दुसरं म्हणजे ट्रॅकवाल्यांची तोंडं दर दुसऱ्या रविवारी बघायची असतात. त्यामुळे ट्रॅकचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. आमच्या न्यू जर्सीच्या भागात ट्रॅक उरलेतच किती राव. इंग्लिशटाउन होतं, १९६५ पासूनचा ट्रॅक, एडिसनहून गाडीत बसलं की अर्ध्या तासात, अमेरिकेत आल्यावर मी पहिली ड्रॅग रेस बघितली ती तिथंच, तर २०१८ च्या जानेवारीत त्यांनी ड्रॅग रेसिंग बंद करून टाकलं. मग ॲटकोला जायला लागलो, ते २०२३ मध्ये गेलं. आता जे उरलंय तिथं भांडण करून चालत नाही.

तर ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या सरळ रस्त्यावर शेजारी शेजारी पळवायच्या, आणि लोकांना वाटतं ज्याची गाडी जास्त पळते तो जिंकला. मोठ्या लोकांच्या रेसमध्ये तसंच असतं, पण आम्ही रविवारचे हौशी लोक जे खेळतो ते ब्रॅकेट रेसिंग, आणि त्यात माझी २००७ ची मस्टँग जी सोमवारी ऑफिसलाही जाते, ती तिच्यापेक्षा चार सेकंदांनी फास्ट गाडीलाही हरवू शकते. लहानपणी धाकट्या भावाला दहा पावलं पुढे सोडून पळायचो ना, तेच. आपली गाडी पाव मैल म्हणजे १३२० फूट किती सेकंदात जाणार हे प्रत्येकानं आधीच सांगायचं, पांढऱ्या शू पॉलिशनं काचेवर लिहायचं, त्याला डायल-इन म्हणतात. मी १३.६० लिहिलं आणि शेजारच्यानं ११.४० लिहिलं तर मला हिरवा दिवा २.२० सेकंद आधी मिळतो. मग जो शेवटची रेघ आधी ओलांडेल तो जिंकला.

आता तुमच्या मनात आलंच असेल की मग सगळे खोटंच लिहितील, १३.६० ची गाडी १४ ची म्हणून सांगतील. म्हणून दुसरा नियम. सांगितलेल्या वेळेच्या आत पोचलात तर ब्रेकआउट, बाद. दोघंही ब्रेकआउट झाले तर ज्याचा ब्रेकआउट कमी तो जिंकला.

आणि इथून गंमत सुरू होते. शहाणी माणसं हातचा ठेवतात. गाडी ११.३७ ची, काचेवर ११.४०, म्हणजे तीन शतांश खिशात. मग शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत बाजूच्या गाडीकडे बघत बघत तिच्या फक्त नाकभर पुढे राहायचं आणि खिशातलं जास्तीचं ब्रेक मारून किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून खर्च करून टाकायचं. ज्याला हे जमतं तो वर्षानुवर्षं जिंकतो. बायकोला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे तुम्ही एवढे पैसे घालून गाडी पळवायला जाता आणि शेवटी ब्रेक मारता? हो, मारतो.

तेव्हा ब्रेक मारणं हा गुन्हा नाही, हे आधी डोक्यात घ्या. आमच्या ट्रॅकच्या नियमात आहे ते असं की रेघेच्या आसपास ब्रेक मारताना गाडीवरचा ताबा गेला तर बाद. नियम ताब्याचा आहे, ब्रेकचा नाही. आणि ताबा गेला की नाही हे कुठलं मशीन सांगत नाही. दिव्यावर कोण किती लवकर निघालं, किती सेकंदात पोचलं, किती वेगानं पोचलं, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून कागदावर छापून देतात, आणि ही एक गोष्ट मात्र टॉवरमध्ये बसलेला माणूस डोळ्यानं ठरवतो. टॉवर कुठे, तर स्टार्टिंग लाइनपाशी. ज्या जागेबद्दल निर्णय द्यायचा ती तिथून चारशे मीटर लांब, मधे डांबरावरून वाफा निघतायत, आणि गाडी दिसते ती मागून.

आमची रेस चौथ्या राउंडची होती. संध्याकाळचे साडेसहा वगैरे. सच्या बरोबर होता, माझा चिंचवडचा शाळेपासूनचा मित्र, तो रेस करत नाही पण टायरची हवा बघणं, काच पुसणं, लाइनमध्ये उभं असताना भडंगाचा डबा पुढे करणं ही सगळी कामं त्याची. समोर नोव्हावाले काका. १९७२ ची फिक्या निळ्या रंगाची शेव्ही नोव्हा, मागे रुंद, नक्षी नसलेले स्लिक टायर, पुढे सायकलला शोभतील इतकी बारीक टायरं, आणि ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस वगैरे लाड नाहीत. काका सत्तरीच्या अलीकडे पलीकडे, दर वेळी नातवाला घेऊन येतात, आणि स्टेजिंगच्या, म्हणजे रेससाठी नंबर लावायच्या लाइनमध्ये कुणाशी बोलत नाहीत. मी ओळखीचं हसलो, त्यांनी मान हलवली, संपलं.

माझा दिवा आधी. मी निघालो. ०.०६१ चा रिॲक्शन टाइम, म्हणजे दिवा लागल्यापासून निघेपर्यंत गेलेला वेळ, माझ्या मानानं बरा, त्यांच्या मानानं काहीच नाही. मग दहा-अकरा सेकंद नुसतं आपलं इंजिन ऐकायचं आणि आरशात एक निळा ठिपका मोठा होताना बघायचं. हजार फुटांच्या पुढे गेल्यावर तो आरशातून गायब झाला आणि डाव्या काचेत बॉनेट आलं. पुढे सरकलं, माझ्या बरोबरीला आलं, आणि मग एकदम खाली बसलं. म्हणजे नाक खाली दबलं. कर्रर्र असा आवाज, रबराचा वास, रेघ गेली, आणि पुढच्या क्षणाला ते माझ्या मागे. गाडी सरळच होती. मी शेजारच्या लेनमध्ये ताशी १०१ मैलांवर होतो, आपल्या हिशोबात १६२ किलोमीटर, कुणाला भीती वाटायला हवी होती तर मला वाटायला हवी होती. नाही वाटली.

आता स्लिप वाचूया, कारण खरी मजा तिच्यात आहे. मी १३.५८८, म्हणजे ब्रेकआउट, बारा सहस्रांशानं. दुपारी १३.६० बरोबर होतं पण ऊन उतरलं, हवा थंड झाली, थंड हवेत इंजिन जास्त ताकद काढतं, हे मला माहीत असून मी डायल बदलला नाही, माझी चूक. काका ०.०२२ चा रिॲक्शन टाइम, काचेवर ११.४०, पोचले ११.४१८ ला, म्हणजे ब्रेकआउट नाही. सगळी बेरीज वजाबाकी केली की ते माझ्या नऊ सहस्रांश पुढे निघतात, त्या वेगाला साधारण सोळा इंच. सोळा इंच! पाव मैल पळून माणूस सोळा इंचांनी जिंकला, वर मी ब्रेकआउट. दोन्ही बाजूंनी ते जिंकले होते.

पण त्यांचा वेग छापलेला होता १०४ मैल, आणि दिवसभराच्या त्यांच्या बाकीच्या स्लिपवर ११७. हा वेग शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी असतो. ११७ नं ६६ फूट जायला ०.३८५ सेकंद लागतात, १०४ नं ०.४३३. फरक ०.०४८. ब्रेक सगळा त्या ६६ फुटांतच लागला असं धरलं तर ब्रेक न मारता काका ११.३७० ला पोचले असते, म्हणजे तीन शतांशाचा ब्रेकआउट, माझा बारा सहस्रांशाचा, कमी माझा, जिंकलो मी. कळलं का काय झालं ते? ब्रेक मारला नसता तर ते हरले असते. ब्रेक मारला म्हणून जिंकले. आणि ब्रेक मारला म्हणून बाद झाले.

हा हिशोब मी नाही केला. काकांनी केला, माझ्यासमोर, नोव्हाच्या फेंडरवर दोन्ही स्लिपा ठेवून, शर्टाच्या खिशातल्या पेननं. मी त्यांच्याकडे गेलो होतो ते सॉरी म्हणायला, म्हणजे सॉरी कशाबद्दल तेही नीट माहीत नव्हतं, पण न जाणं बरं दिसलं नसतं. ते तेव्हा नुकतेच टॉवरवरून भांडून आले होते.

ते भांडण सच्यानं ऐकलं, मी तोपर्यंत रिटर्न रोडवरून, म्हणजे परतीच्या रस्त्यानं, येतच होतो. डायरेक्टर, म्हणजे टॉवरमधला निर्णय देणारा माणूस, म्हणाला मागचा भाग हलला आणि धूर आला. काका म्हणाले मधली रेघ ओलांडली का? नाही. भिंतीला लागलो का? नाही. मग ताबा कुठे गेला? तर डायरेक्टर म्हणाला माझ्या डोळ्यांसमोर गेला, आणि भिंतीला लागल्यावर तुला डिसक्वालिफाय करून मी काय करू, तेव्हा मला ॲम्ब्युलन्स लागेल. हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा मनात घोळवलं. खोटं नाहीये ते.

मग सच्या मधे पडला, त्यानं रेघेजवळच्या कुंपणापाशी उभं राहून फोनवर व्हिडिओ काढला होता. डायरेक्टर म्हणाला मी फोन बघत नाही, एकाचा बघितला तर सगळ्यांचे बघावे लागतील आणि रात्रीचे बारा वाजतील. तेही बरोबर. पण आम्ही बघितला ना, गाडीत बसून, एकेक फ्रेम पुढे सरकवत. धूर एकूण बारा फ्रेम. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर ०.४ सेकंद. आणि धूर पुढच्या डाव्या चाकाचा, ते बारीक टायर लॉक झालंय, त्यावरची पांढरी अक्षरं पाच-सहा फ्रेम एका जागी थांबलेली स्वच्छ दिसतात. मागची स्लिक फिरतेच आहे. गाडी बाजूला किती सरकली, तर सच्याच्या मते वीतभर, माझ्या मते तेवढीही नाही. मागून चारशे मीटरवरून बघणाऱ्याला पांढरा लोट दिसला, त्यात मागचा भाग हलल्यासारखा वाटला, झालं.

माझं आजोळ खेड तालुक्यात. मामाचा बैलगाडा होता, तोही घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, घड्याळावर पळतो, सेकंदावर निकाल लागतो. मधली बंदीची वर्षं सोडली, २०१४ ते २०२१, तर दर जत्रेला घाटात निदान एक भांडण ठरलेलं. झेंडा आधी पडला की नंतर पडला, घड्याळ कधी दाबलं. आणि प्रत्येक जत्रेच्या पत्रिकेवर खाली छापलेलं असतं, पंचांचा निर्णय अंतिम राहील. इथल्या नियमातही तेच आहे, जरा लांबलचक इंग्रजीत. डायरेक्टरच्या डोळ्यानं घेतलेल्या निर्णयावर तक्रार करता येत नाही. मामा म्हणायचा हे वाक्य छापलं की समजायचं भांडण होणार आहे हे त्यांना आधीच माहीत आहे.

आता डायरेक्टरची बाजू. मी नुसता काकांचा वकील नाही. ब्रेक जोरात दाबला की गाडीचं सगळं वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो, आणि मागे असतात त्या कमी हवेच्या गुबगुबीत स्लिका, त्या ओढायला बनवल्यात, थांबायला नाही. स्टार्टच्या बाजूला ट्रॅकवर चिकट गोंदासारखं रसायन मारलेलं असतं, तिथं बूट सुटून हातात येतो, पण रेघेजवळ तेवढी पकड नसते. वर शेजारच्या लेनमधून कुणीतरी तीस-चाळीस मैल जास्त वेगानं येत असतं आणि तोही रस्त्याकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघत असतो, कारण त्यालाही सोळा इंच मोजायचेत. दोन वर्षांपूर्वी एक जुनी कॅमारो अशीच ब्रेकवर आडवी होऊन दुसऱ्या लेनमध्ये गेलेली मी कुंपणापाशी उभा राहून बघितलीय. समोरचा पुढे निघून गेलेला होता म्हणून वाचला. तो प्रकार बघितलेला माणूस हा नियम काढून टाका असं म्हणणार नाही. आणि आमच्या भागातल्या जुन्या लोकांना रेघेपलीकडचा रस्ता म्हटलं की २००८ आठवतंच, इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा रेसर गेला ते. त्याचा या ब्रेकआउटच्या खेळाशी संबंध नाही, त्याचं इंजिन फुटलं आणि गाडी थांबलीच नाही, त्यानंतर नायट्रोवाल्यांची, म्हणजे नायट्रो इंधनावरच्या सगळ्यात वेगवान गाड्यांची रेस हजार फुटांवर आणली. पण डायरेक्टर लोक रेघेपाशी जरा जास्तच दचकतात ते उगीच नाही.

फक्त मग लिहा ना तसं. चाक लॉक झालं की बाद, असं लिहा, मी सही करतो. किंवा पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी बाहेर. रेघेपाशी एक माणूस उभा करा, स्टार्टपाशी सहा असतातच. लिहायचं ताबा आणि बघायचा धूर, हे नाही पटत.

पुढच्या राउंडला मी रेड लाइट मारला. हिरव्या दिव्याच्या तीन सहस्रांश आधी निघालो, बाद. सच्या म्हणाला, फुकटचं पचत नाही.

गोष्ट इथंच संपली असती तर लिहिली नसती.

ऑगस्टमध्ये, तोच ट्रॅक, तोच डायरेक्टर. समोर एक पिकअप, १५.९० ची, म्हणजे या वेळी पाठलाग माझा. ऊन रणरणतं, मी १३.७० लिहिलेलं, आणि हो, मीही हातचा ठेवला होता, जूनमध्ये एवढं शिकलो. पिकअप वाटलं त्यापेक्षा आधी हाती लागली. रेघ अजून लांब, मी तिच्या पुढे निघायला लागलो, भरपूर पुढे, आणि पोटात गोळा आला की हा ब्रेकआउट. उभा राहिलो ब्रेकवर. अक्षरशः उभा. पेडल पायाखाली टकटकटक करत होतं, एबीएस काम करायला लागलं की करतं तसं, डॅशबोर्डवरचा फोन उडून खाली पडला, सीटबेल्ट छातीत रुतला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि खरं सांगतो, गाडी पाव सेकंदभर कुठे जाणार आहे याची मला खात्री नव्हती.

जिंकलो. १३.७४. वेग ८४ मैल. माझा नेहमीचा १०१. मघाचाच हिशोब लावा, मी त्या ६६ फुटांत ०.०९० सेकंद खाल्ले, काकांच्या जवळजवळ दुप्पट. स्पीकर काय बोलला, तर उजवी लेन विजयी, पुढच्या राउंडला, आणि हॉट डॉग दोनला तीन डॉलर.

धूरच नव्हता ना. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, मग धूर कुठला. शाळेत संस्कृतला आमच्या बाई सांगायच्या, डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं आग आहे हा तर्क बरोबर, पण आग आहे म्हणजे धूर असणारच हा चूक, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. तो लोखंडाचा गोळा म्हणजे माझी मस्टँग. हे मी सच्याला मोठ्या ऐटीत ऐकवलं तर तो म्हणाला, अरे पण पुढचं चाक लॉक झालं की त्यानं गाडी वळवता येत नाही, म्हणजे तेवढ्यापुरता काकांचा ताबा गेलाच होता, तुझा नाही गेला, तेवढ्याचसाठी तर एबीएस असतं, डायरेक्टर दोन्ही वेळेला बरोबर. भडंग खात खात म्हणाला हे. मला चटकन उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं, की ब्रेक मारल्यावर काकांची गाडी कुठे जाणार ते काकांना माहीत होतं, आणि माझी कुठे जाणार ते मला माहीत नव्हतं, मग ताबा कुणाचा गेला? पण हे डायरेक्टरला टॉवरमधून कसं दिसणार, आणि मी तरी कशाला सांगायला जातोय.

त्या दिवशी काका पहिल्याच राउंडला हरले होते, तरी गेले नव्हते. रेघेजवळच्या कुंपणापाशी खुर्ची टाकून नातवाबरोबर बसले होते, म्हणजे त्यांनी ती रेस अगदी समोरून बघितली. मी परत आलो तर ते माझ्या गाडीपाशी येऊन उभे. काही बोलले नाहीत. वाकून माझ्या पुढच्या टायरवरून हात फिरवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, लॉक झालेल्या टायरला चपटा डाग पडतो तो शोधत होते. डाग नव्हता. मग हात पुढे केला. मी स्लिप दिली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी ती वाचली, ८४ पाशी बोट थांबलं, नातवाला दाखवलं. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेले.

अजून परत दिलेली नाही. मीही मागितली नाही.